गयाक्काचं शीड

गयाक्का पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझं नाव विचारलं नाही. माझ्या शर्टाची खांद्यावरची शिवण दोन बोटांत धरली, हलकेच ओढून बघितली आणि म्हणाली, "ही दिवाळी बघायची न्हाई." मग विचारलं, "बोला, काय काम हाय?"

पुढे कळलं की ही तिची रीतच होती. कुणीही समोर आलं की तिची नजर आधी कपड्याच्या जोडावर जायची. एका लग्नात तिने नवरदेवाच्या शेरवानीची बगल तपासली होती आणि वरमाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोराला हात वर करू देऊ नका. त्या लग्नात नवरदेवाने नाचताना हात वर केलाच. लोक अजून ती गोष्ट सांगतात.

ही भेट झाली चौसाळ्याला, हायवेला लागून असलेल्या एका ताडपत्रीच्या दुकानात. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या तिथे शिवल्या जायच्या. दुकानाच्या मागच्या बाजूला जमिनीवरच एक मोठं मशीन बसवलेलं होतं आणि त्याच्यासमोर पन्नाशीला टेकलेली, काटक, काळीसावळी बाई कासोटा घालून बसलेली होती. माझ्या खांद्यावर एक गुंडाळी होती. ती मी उलगडून दाखवली. पांढरं, कडक, हललं की कागदासारखं वाजणारं कापड. मधोमध हातभर फाटलेलं.

"हे काय हाय?"

मी सांगितलं, होडीचं शीड आहे.

तिने कापड उलटंपालटं केलं, जोडांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे वाऱ्याला आडवायला हाय का वाऱ्याला धरायला?"

मी पंधरा वर्षं नौदलात होतो. नव्या पोरांना शिडाची होडी शिकवायचं काम माझ्याकडे असायचं. शीड वाऱ्याला अडवत नाही, धरतं, एवढी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला दोन-दोन दिवस लागायचे. या बाईने होडीजोगं पाणी कधी नीट पाहिलंही नसेल, आणि तिने पहिलाच प्रश्न हा विचारला. मी म्हणालो, धरायला. तर तिने कापडाची घडी करून माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "मग मला बघावं लागंल. बघितल्याबिगर मी शिवत न्हाई."

निवृत्त होऊन मी गावी आलो तेव्हा लोकांना वाटलं होतं की मी केजला दुकान टाकेन. मी आमच्या तलावाच्या काठाला चार कॉटेज बांधली, पिंपांवर फळ्या ठोकून तरंगता धक्का केला आणि पर्यटकांसाठी पायाने चालवायच्या होड्या आणल्या. हा तलाव केज आणि चौसाळ्याच्या मधल्या डोंगरात आहे. भोवतीच्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरूनच तिथल्या वाऱ्याची कल्पना यावी. लातूर-सोलापूरकडून लोक यायचे, पायाने होडी चालवायचे, फोटो काढायचे, भजी खायचे. पण माझा जीव होता तो तीन शिडाच्या होड्यांत. त्या मी एका क्लबाने टाकून दिल्या तेव्हा आणल्या होत्या. होड्या चांगल्या होत्या, शिडं मात्र जीर्ण. नवी शिडं मागवली तर महिनेच्या महिने वाट बघावी लागायची, आणि तोवर आमचा वाऱ्याचा हंगाम संपायचा. गावातली म्हातारी माणसं मला विचारायची, बीडात पाणी टँकरनं येतं आणि तू जहाज कुठं चालवणार? पाऊस चांगला झाला तेव्हा त्यांनी विचारणं थांबवलं, पण हसणं थांबवलं नव्हतं.

गुरुवारी दुकान बंद असायचं. त्या गुरुवारी गयाक्का वडापच्या जीपने आली. तिच्या पिशवीत भाकरी, कात्री आणि दोऱ्याचं रीळ होतं. मी तिला लाइफ जॅकेट दिलं. तिने ते घालण्याआधी पट्ट्यांचे टाके ओढून पाहिले आणि खाली ठेवलं. दुसरं दिलं, तेही ठेवलं. चौथं तिला पटलं. बाकीची तीन तिने बाजूला काढली आणि म्हणाली की ही कुणाला घालू नका, मी जाताना शिवून देते. माझ्या पाहुण्यांच्या जिवाची काळजी त्या दिवशी माझ्यापेक्षा तिने जास्त घेतली, याची लाज मला आजही वाटते.

तिला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाण्यात ती कधी उतरलीच नव्हती. होडीत पाय ठेवताच होडी डुलली आणि तिने काठ असा धरला की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. आम्ही धक्क्यापासून निघालो. पहिली दहा मिनिटं तिने डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मी विचारलं, परत फिरू का? तिने मान हलवली, नाही. मग डोळे उघडले, पाण्याकडे न बघता थेट वर शिडाकडे पाहिलं, आणि पुढचा तासभर तिथून नजर काढली नाही. मी वळणं घेत होतो, वारा कधी पाठीशी, कधी अंगावर घेत होतो. ती मान वर करून बघत होती.

धक्क्याला लागल्यावर म्हणाली, "भाऊ, ह्याचं पोट चुकीच्या जागी हाय. मागं सरकलंय. म्हून तुमी सारखं सुकाणू वढीत बसताय."

जुन्या शिडाचं कापड ताणून ताणून त्याचा फुगवटा मागे सरकतो आणि होडी जड होते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तिला कुठून माहीत?

ते तिने पुढे बऱ्याच दिवसांनी, काम करता करता तुकड्या-तुकड्याने सांगितलं. ती केज तालुक्यातल्याच एका वस्तीवरची. लग्न झालं त्या वर्षापासून ऊसतोडीला जायची. फडाच्या कडेला कोपी टाकून राहायचं; कोपी म्हणजे काठ्या आणि ताडपत्रीची झोपडी. वीसेक हंगाम तिने अशा कोप्यांत काढले. ताडपत्री कशी ताणली की वारा वरून निघून जातो आणि कशी ताणली की आत शिरून पोट फुगवतो, हे तिला हाताने कळलेलं होतं. एकदा कारखान्याजवळच्या माळावर वादळ झालं आणि सगळ्या टोळीच्या कोप्या उडाल्या. हिची राहिली. तिने टोळीतली सगळी लेकरं आत घेतली आणि स्वतः दारात बसून वाऱ्याच्या बाजूची दोरी हातात धरून ठेवली. हे सांगताना तिच्या आवाजात कसलाही मोठेपणा नव्हता. मला एवढंच म्हणाली, "कापड उडत न्हाई भाऊ. माणूस त्याला चुकीचं बांधतं."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. टोळी मोजायची ती कोयत्यांनी. गयाक्काचा नवरा एका पावसाळ्यात काविळीने गेला. त्या साली ती टोळीत जायला निघाली तर तिला सांगितलं गेलं की आता तू अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता यंदा घ्यायचा नाही. ती घरी परत आली, आठ दिवस बसली, आणि नवव्या दिवशी चौसाळ्याला जाऊन त्या दुकानात विचारलं की ताडपत्री शिवायला माणूस पाहिजे का. हे तिने मला एकदाच सांगितलं. सांगताना ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा तीनदा चुकला, एरवी तो कधी चुकायचा नाही.

तर शीड. फाटलेलं जोडून उपयोग नव्हता, नवंच करायला हवं होतं. एका जुन्या नौदल मित्राकडून मी शिडाच्या कापडाचा गठ्ठा मागवला. गयाक्काने आधी जुनं शीड गावच्या समाजमंदिराच्या फरशीवर पसरलं आणि चार गुरुवार फक्त उसवलं. एकेक पट्टा सुटा केला. मी अस्वस्थ झालो होतो. पाचव्या गुरुवारी तिने मला बोलावून दोन पट्ट्यांच्या कडा दाखवल्या. वरवर सरळ दिसत होत्या. तिने कडेला दोरी ताणून धरली तेव्हा दिसलं की त्या बोटभर वळलेल्या आहेत.

"ब्लाउजला टक घालतो का न्हाई? सरळ कापडाला पोट येत न्हाई. कड थोडी चोरावी लागती. किती चोरायची अन् कुठं, तेवढंच शिकायचं ऱ्हायलंय."

जुन्या शिडावरचा टाका नागमोडी होता. तिच्या मशीनला तो येत नव्हता. त्यावर तिने तोड काढली: केजच्या एका पिको-फॉलच्या दुकानात जाऊन बसली आणि साडीला पिको करायच्या मशीनवर शिडाचे पट्टे जोडले. दुकानात आलेल्या बायका विचारायच्या की एवढी मोठी पांढरी साडी कुणाची? कोपऱ्यांवरचे जाड थर मात्र मशीनला झेपेनात, ते तिने हाताने शिवले, तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून.

पहिलं शीड वर चढवलं आणि त्याला तिरप्या सुरकुत्या पडल्या. मी समजूत घालायच्या सुरात म्हणालो की पहिल्या मानाने छान आहे. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते खाली उतरवलं आणि तिथेच धक्क्यावर बसून उसवायला घेतलं. दुसरं शीड फारच पोटाळलं; होडी वाऱ्यात पुढे जायच्या ऐवजी आडवी व्हायला लागली. तेही उसवलं. मला वाटलं आता ही सोडून देईल. मी तसं बोललो तर म्हणाली, "उसवायचं भ्या असलेल्या माणसानं सुई धरू न्हाई." हे तिचं वाक्य मी नंतर अनेक प्रसंगी मनात म्हटलं आहे, आणि त्यांतला एकही प्रसंग शिवणकामाचा नव्हता.

तिसरं शीड मृगाच्या वाऱ्यात चढलं. मी दोरी ओढली, कापड एकदा वाजलं आणि शांत झालं. होडी अशी निघाली की माझा हात सुकाणूवर नुसता ठेवलेला होता. गयाक्का पुढे बसली होती. ती शिडाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, "बसलं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती पोहायला शिकली. पन्नाशीच्या बाईने पाठीला डबा बांधून तलावात हातपाय मारायचे, यावर काठावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी विचारलं की आता हे कशाला? तर म्हणाली, शीड मी शिवायचं अन् बुडायचं भ्याबी मलाच, असं कसं चालंल. पंधरा दिवसांनी डबा सुटला. महिन्याभरात ती धक्क्यापासून समोरच्या खडकापर्यंत जाऊन यायला लागली, आणि हसणाऱ्यांतल्या दोघी जणी डबा मागायला आल्या.

त्याच वर्षी श्रावणात आमच्या तलावावर शर्यत झाली. शिडाच्या होड्यांची हौस असलेली काही मंडळी पुण्या-मुंबईकडून दरवर्षी कुठल्या तरी तलावावर जमायची. मी त्यांना आमच्या वाऱ्याचे व्हिडिओ पाठवले होते. ते आले, सात होड्या ट्रेलरवर घालून. कॉटेज भरली, उरलेल्यांनी तंबू टाकले. त्यांची शिडं मी फिरून फिरून पाहिली. नवी कोरी, चकचकीत, कोपऱ्यात कंपन्यांची नावं छापलेली.

आमच्या बाजूने मी एकच होडी उतरवणार होतो. दोघांची होडी. माझा एक नौदलातला जोडीदार येणार होता, त्याचा आदल्या दिवशी फोन आला की आई दवाखान्यात आहे. मी फोन ठेवून धक्क्यावर बसलो. गयाक्का शिडाच्या दोऱ्या तपासत होती. तिने ऐकलं होतं. वर न बघता म्हणाली, "मी बसते."

मी म्हणालो, आक्का, हे फिरायला जाणं नाही. होडी कलंडायला लागली की अर्धं अंग बाहेर टाकून तिला पेलावं लागतं. हात सुटतात.

तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. कोयत्याच्या मुठीने पडलेले घट्टे अजून तसेच होते. "मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढलेय मी. सुटतेत का बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडं मोजायला एक कॅप्टन आले. निवृत्त, पांढऱ्या मिशा, पांढरी टोपी. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. त्यांनी फीत लावून शीड मोजलं. माप बरोबर होतं. मग त्यांनी कोपरा उलटून पाहिला आणि विचारलं की बनवणाऱ्याची खूण कुठे आहे. मी म्हणालो, खूण नाही. ते म्हणाले की त्यांच्या नियमात प्रत्येक शिडावर बनवणाऱ्याची खूण लागते, त्याशिवाय त्यांना सही करता येणार नाही. त्यांनी हे फार सौम्यपणे सांगितलं. पण मागे उभ्या असलेल्या दोघांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला की पिकोच्या मशीनवर शिवलंय म्हणे, आणि दोघे हसले.

मी वाद घालायच्या तयारीत होतो. गयाक्काने मला हाताने थांबवलं आणि कॅप्टनना विचारलं, "साहेब, खूण छापलेलीच लागती का शिवलेली चालंल?"

ते म्हणाले, कशीही चालेल, ज्याने शीड केलं त्याची असली पाहिजे.

ती तिथेच फळ्यांवर मांडी घालून बसली. पिशवीतून लाल दोरा काढला. कॅप्टन, मी, आणि हळूहळू जमलेले पंधरा-वीस लोक तिच्याभोवती उभे राहिले. आधी एक वाकडी रेघ आली, मग तिचं पातं झालं, मग मूठ. कोयता होता. तिने दोरा दाताने तोडला, शिडाचा कोपरा कॅप्टनपुढे केला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "पुरा काढला भाऊ. आर्धा न्हाई."

मला दुसरीकडे बघावं लागलं. कॅप्टननी चष्मा लावून टाके पाहिले, वहीत सही केली आणि टोपीला हात लावला.

तीन फेऱ्यांची शर्यत होती. तिन्हींचे क्रमांक मिळून निकाल. पहिल्या फेरीत आम्ही पाचवे आलो, कारण मी घाबरून खेळलो. दुसऱ्या फेरीत दुसरे. तोवर काठावर गाव जमा झालं होतं. भजीवाल्याने भजी तळायची सोडून दिली होती. हिशेब असा होता की तिसरी फेरी आम्ही जिंकली तरच बाजी आमची. नाहीतर ती कॅप्टनच्या होडीला जाणार होती. ते स्वतःही शर्यतीत होते आणि सगळ्यांत कसलेले होते.

तिसऱ्या फेरीत आम्ही मधल्या खुणेच्या पिंपाला वळसा घातला तेव्हा कॅप्टन पुढे होते, आम्ही तिसरे. सगळ्या होड्या डाव्या काठाकडे निघाल्या, कारण वारा तिकडे चांगला वाटत होता. मीही सुकाणू तिकडे वळवलं. गयाक्का होडीच्या कडेवर बसली होती, तिचं लक्ष शिडावर नव्हतं. ती डोंगराकडे बघत होती.

"भाऊ, तिकडं न्हाई. उजवीकडं घ्या."

मी म्हणालो, उजवीकडे काही नाही, पाणी सपाट आहे.

"पंखे फिरलेत. कडंच्या तीन पंख्यांनी तोंड फिरवलंय. वारा बदललाय वर. इथं यायला येळ हाय थोडा."

मी वर पाहिलं. खरंच, माथ्यावरच्या टोकाच्या तीन पवनचक्क्यांची तोंडं बाकीच्यांपेक्षा वेगळीकडे होती. वारा बदलला की ती यंत्रं आपोआप त्याच्याकडे तोंड करतात. दोन वर्षं मी त्यांच्या खाली राहत होतो. ही बाई धक्क्यावर बसून शिवता शिवता त्यांच्याकडे बघत आली होती. पण सात होड्या एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, हे करायला छाती लागते. मी क्षणभर थांबलो. पंधरा वर्षांचं माझं शिक्षण मला डावीकडे ओढत होतं.

"बघितल्याबिगर मी बोलत न्हाई," ती म्हणाली.

मी उजवीकडे वळलो. काठावरून लोकांचा हळहळल्यासारखा आवाज आला. आम्ही सपाट पाण्यात आलो आणि जवळजवळ उभे राहिलो. कॅप्टनची होडी लांब लांब जात होती. गयाक्का दोरी हातात धरून स्वस्थ बसलेली. मग समोरच्या उतारावरचं गवत झोपलं. पाण्यावर काळसर पट्टा उमटला आणि आमच्याकडे धावत आला.

"आता," ती म्हणाली आणि अंग बाहेर टाकलं.

झोत बसला तशी होडी उडी मारल्यासारखी सुटली. तलावाच्या पलीकडे सात शिडं फडफडायला लागली, त्यांना वारा समोरून मिळाला होता. आमच्या शिडाला एक सुरकुती नव्हती. मी ते शीड त्या क्षणी पाहिलं ते अजून डोळ्यापुढे आहे: भरलेलं, शांत, पोट नेमकं जिथे हवं तिथे. गयाक्काचं डोकं पाण्यापासून हातभर अंतरावर होतं, अंबाडा सुटलेला, लुगडं भिजलेलं, आणि दोरी अशी धरलेली की मला त्या दोरीची एकदाही काळजी वाटली नाही. कॅप्टननी लगेच ओळखलं आणि होडी वळवली, पण तोवर उशीर झाला होता. शेवटच्या पिंपाजवळ आम्ही त्यांच्या पुढून गेलो. ते ओरडून काहीतरी म्हणाले. वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण ते हसत होते.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा होडीला हात लावायला एवढे लोक पाण्यात उतरले की होडी उचलूनच वर आली. गयाक्काला बायकांनी धरलं. कुणीतरी हलगी आणली होती. दुकानाचे मालक चौसाळ्याहून दुकान बंद करून आलेले. ते ज्याला-त्याला सांगत होते की ही आमच्याकडे कामाला आहे. चषक द्यायच्या वेळी कॅप्टननी तो माझ्या हातात न देता तिच्या हातात दिला. मग विचारलं, की माझ्या होडीला असं शीड करून द्याल का? तिने त्यांच्या शर्टाची शिवण एकदा पाहिली आणि म्हणाली की होडी इथंच ठेवून जा, मला आधी बसून बघावं लागंल. कॅप्टन होडी ठेवून गेले.

त्यानंतर कामं येत गेली. धक्क्याच्या वर आम्ही पत्र्याची लांब शेड उभारली, आत गुळगुळीत फरशी घातली, नागमोडी टाक्याचं दांडगं मशीन आणलं. गयाक्काने दुकान सोडलं, पण मालकांना आधी दोन माणसं शिकवून तयार करून दिली, मगच सोडलं. तिच्या हाताखाली वस्तीवरच्या सहा जणी आल्या. सहाही ऊसतोडीला जाणाऱ्या, त्यांतल्या दोघी तिच्यासारख्याच एकट्या. तिने त्यांना आधी सहा आठवडे फक्त उसवायला लावलं. मग पोहायला. प्रत्येकीला होडीत बसवून, मान वर करून तासभर शीड बघायला लावलं. एकीने तक्रार केली की मान दुखते. तिला सांगितलं, मोळीनं दुखत होती का न्हाई, मग ही बरी.

यंदा दसरा झाला आणि गावात ट्रक-ट्रॅक्टर यायला लागले. एक दिवस गयाक्काच्या जुन्या टोळीचे मुकादम शेडच्या दारात येऊन उभे राहिले. टोळी जमवायची, माणसं ठरवायची, हे त्यांचं काम. दुपारपर्यंत त्यांनी सगळी वस्ती पालथी घातली होती. शेडमध्ये फरशीवर मोठं शीड पसरलेलं होतं आणि सात बायका त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसल्या होत्या. मुकादमांनी राम राम घातला. यंदा माणसं कमी पडताहेत असं सांगितलं. मग जरा थांबून, खाली बघत, गयाक्कालाही विचारलं, की तू येतीस का, एकटी आलीस तरी चालंल.

मी दाराशीच होतो. मला वाटलं, आता ही काहीतरी ऐकवणार. तिच्याकडे ऐकवण्यासारखं पुष्कळ होतं. बाकीच्या सहा जणींचे हातही थांबले होते.

गयाक्काने खडूने चाललेली रेघ पुरी केली. मग वर पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई जमायचं मुकादम. श्रावणापतोर आमची सगळी कामावर हायेत." तिच्या आवाजात राग नव्हता, की टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं. मग त्यांच्या पायांकडे बोट केलं. "आलाच हाय तर वहाणा भाईर काढा, अन् ते कोपऱ्याचं टोक जरा धरा. माणूस कमी पडतंय आमालाबी."

मुकादम क्षणभर घुटमळले. मग वाकून वहाणा काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या, अनवाणी आत आले आणि कापडाचा कोपरा उचलला.

"ताणून धरा," ती म्हणाली. "हं. आता हलू नका."

अर्धा तास ते धरून उभे होते.